तक्त्यातला विभव आणि घटातला विभव

विद्युतरासायनिक घटाचा विभव काढणे हे रसायनशास्त्रातील अगदी सोप्या गणितांपैकी एक समजले जाते. तक्त्यात दोन आकडे शोधावयाचे, कॅथोडच्या आकड्यातून ॲनोडचा आकडा वजा करावयाचा आणि उत्तरापुढे व्होल्ट हे एकक लिहावयाचे, एवढाच विधी बारावीच्या वर्गात शिकवला जातो आणि बहुतेक परीक्षांना तो पुरतोही. मात्र ही वजाबाकी नेमकी कशाची असते, तक्त्यातले आकडे प्रत्यक्ष मोजलेले असतात की मांडून काढलेले, आणि कागदावर आलेले उत्तर काचपात्रातल्या किंवा जमिनीखालच्या धातूला कितपत लागू पडते, हे प्रश्न उपस्थित झाले की जाणकारांमध्येही दोन तट पडतात. एका तटाच्या मते विभव ही मुळात ऊर्जेची गोष्ट असून व्होल्ट हा तिचा केवळ बाह्य वेष आहे. दुसऱ्याच्या मते व्होल्टमीटरवर जे दिसते तेच खरे आणि बाकीचे सारे त्याचे भाष्य. या दोन भूमिका येथे दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. त्यांतील एक महाविद्यालयात भौतिक रसायनशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापिका आहेत, तर दुसरे जमिनीखालच्या पोलादी नळवाहिन्यांना गंजण्यापासून वाचवण्याचे काम करणारे अभियंता.

अभियंता : बाई, उगाच दूर कशाला जायचे, जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात तयार केलेल्या घटापासूनच सुरुवात करू. जस्ताची कांडी झिंक सल्फेटच्या द्रावणात, तांब्याचा पत्रा मोरचुदाच्या द्रावणात आणि दोन्ही द्रावणे एकमेकांत मिसळू नयेत पण आयनांना ये-जा करता यावी म्हणून मध्ये एक सच्छिद्र पडदा, एवढीच त्याची रचना. डॅनियल यांनी पडद्यासाठी प्रथम चक्क बैलाची अन्ननलिका वापरली होती, मातीचे सच्छिद्र भांडे नंतर आले. जस्त इलेक्ट्रॉन सोडते, म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण होते, आणि जेथे ऑक्सिडीकरण होते तो ॲनोड. तांब्याचे आयन इलेक्ट्रॉन घेतात, म्हणजे त्यांचे क्षपण होते, आणि जेथे क्षपण होते तो कॅथोड. तक्ता सांगतो की तांब्याचा प्रमाण विभव +०.३४ व्होल्ट आणि जस्ताचा −०.७६ व्होल्ट. वजाबाकी केली की १.१० येतात आणि मीटर लावला तर तोही तेवढेच दाखवतो. आता यात मुक्त ऊर्जा, एन्ट्रॉपी वगैरे मंडळींना बोलावण्याची गरज कोणती?

अध्यापिका : गरज आहे, साहेब, कारण आपण वापरलेल्या दोन आकड्यांपैकी एकही आकडा कोणत्याही मीटरने कधी मोजलेला नाही. मीटरला दोन टोके असतात आणि एकट्या अर्धघटाला, म्हणजे धातू आणि त्याच्या आयनांचे द्रावण यांच्या एकट्या जोडीला, एकच टोक मिळते. दुसरे टोक द्रावणात बुडवावे तर तेथे दुसरा इलेक्ट्रोड तयार होतो. तक्त्यातले −०.७६ म्हणजे जस्ताचा अर्धघट प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडशी जोडल्यावर मिळणारे विभवांतर. प्लॅटिनमच्या बारीक भुकटीने काळवंडलेल्या प्लॅटिनमच्या पत्र्यावरून एक बार दाबाचा हायड्रोजन आम्लाच्या द्रावणात बुडबुड्यांच्या रूपाने सोडला, आणि त्या आम्लातील हायड्रोजन आयनांची क्रियाशीलता एक ठेवली, की त्या रचनेचा विभव शून्य मानावयाचा, हा निव्वळ संकेत आहे. एका इलेक्ट्रोडवरचा धातू आणि द्रावण यांच्यामधला विभव ऊष्मागतिकीच्या साधनांनी मोजताच येत नाही, हे गुगेनहाइम यांनी १९२९ साली स्पष्ट केले.

अभियंता : तरीही हायड्रोजन इलेक्ट्रोडचा निरपेक्ष विभव ४.४४ व्होल्ट असतो, असे छापलेले आढळते.

अध्यापिका : सर्जिओ त्रासात्ती यांनी १९८६ साली दिलेला तो आकडा आहे, आणि इलेक्ट्रॉन द्रावणाबाहेरच्या निर्वातात नेऊन ठेवला तर काय होईल या वेगळ्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. तो तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यात मिळवून पाहावा : तांब्याचे ४.७८ होतील, जस्ताचे ३.६८ होतील आणि वजाबाकी मात्र १.१० च राहील. म्हणजे घटाच्या विभवाच्या दृष्टीने शून्य कोठेही ठेवता येते. आपले गणित बरोबर येते ते दोन्ही आकड्यांतला अज्ञात भाग सारखाच असल्यामुळे, आकडे स्वतःच्या बळावर खरे असल्यामुळे नव्हे.

येथपर्यंतचा मतभेद वरवरचा वाटण्याजोगा आहे, कारण शून्य संकेताने ठरलेले असले तरी वजाबाकीच्या नियमाला त्याने बाध येत नाही. खरा पेच उभा राहतो तो दोन विभवांपासून घटाचा नव्हे, तर तिसऱ्या अर्धघटाचा विभव काढावयाचा असतो तेव्हा. लोखंडाचे उदाहरण या ठिकाणी अभ्यासकाला हमखास चकवते, आणि ते सावकाश पाहण्यासारखे आहे.

अध्यापिका : लोखंडाच्या तीन अवस्था घेऊ : धातू, दोन धन प्रभारांचा फेरस आयन आणि तीन धन प्रभारांचा फेरिक आयन. फेरिकपासून फेरस होण्याचा प्रमाण विभव +०.७७१ व्होल्ट आहे, फेरसपासून धातू होण्याचा −०.४४० व्होल्ट आहे. मग फेरिकपासून थेट धातू होण्याचा विभव किती?

अभियंता : दोन पायऱ्या एकापुढे एक जोडल्या की तिसरी मिळते, तेव्हा बेरीज करावी : +०.३३१.

अध्यापिका : तक्त्यात मात्र −०.०४ च्या आसपासचा आकडा आहे. चिन्हही उलटे आले, साहेब.

अभियंता : मग बेरीज चुकते कोठे? बारा व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी दोन व्होल्टहून थोडे अधिक विभवांतर देणारे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात आणि तेथे तर व्होल्टांची बेरीज बिनचूक होते.

अध्यापिका : तेथे तोच इलेक्ट्रॉन सहाही घटांतून जातो, म्हणून प्रत्येक घटाने त्याला दिलेली ऊर्जा एकमेकांत मिळवता येते. लोखंडाच्या दोन पायऱ्यांत मात्र इलेक्ट्रॉन वेगळे आहेत आणि त्यांची संख्याही वेगळी आहे. व्होल्ट म्हणजे एक कूलोम प्रभारामागे एक जूल ऊर्जा, म्हणजे विभव हा ऊर्जेचा दर आहे, ऊर्जेची रक्कम नव्हे, आणि दरांची बेरीज करण्याला काही अर्थ नसतो. रक्कम काढावयाची तर दराला प्रभाराने गुणावे लागते. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कूलोम, यालाच फॅरडे स्थिरांक म्हणतात. आणि मुक्त ऊर्जेतला बदल, म्हणजे स्थिर तापमान आणि दाबाला अभिक्रियेकडून जास्तीत जास्त किती विद्युतकार्य करून घेता येईल याचे माप, हा इलेक्ट्रॉनांची संख्या, फॅरडे स्थिरांक आणि विभव यांच्या गुणाकाराइतका पण उलट चिन्हाचा असतो. लोखंडाच्या पहिल्या पायरीत एक इलेक्ट्रॉन आहे, म्हणून तिची रक्कम फॅरडेच्या पटीत −०.७७१, दुसरीत दोन आहेत, म्हणून दोन गुणिले ०.४४०, म्हणजे +०.८८०. बेरीज +०.१०९ येते. ही तीन इलेक्ट्रॉनांची रक्कम झाली, तेव्हा तिला तीनने भागून चिन्ह उलटावे, −०.०३६ व्होल्ट मिळतात.

अभियंता : मग डॅनियल घटात दराची सरळ वजाबाकी कशी चालली?

अध्यापिका : कारण तेथे जस्ताने सोडलेले दोन आणि तांब्याने घेतलेले दोन हे तेच इलेक्ट्रॉन होते. दोन्ही बाजूंना दोनने गुणून शेवटी दोननेच भागावे लागले असते, म्हणून ती पायरी गाळली तरी बिघडले नाही. चांदी आणि जस्ताच्या घटात चांदीचे समीकरण दोनने गुणावे लागते तरी चांदीचा विभव +०.८० च राहतो, तो १.६० होत नाही, याचेही कारण हेच; रक्कम दुप्पट होते, दर तसाच राहतो. आपला नियम हा ऊर्जेच्या हिशेबाचे एक विशेष रूप आहे, आणि ते कोठे लागू पडते हे त्या नियमाकडे पाहून कळत नाही.

हा मुद्दा अध्यापिकांच्या बाजूने निर्विवाद सुटतो असे म्हटले पाहिजे. तांब्याच्या बाबतीत याच हिशेबातून एक रासायनिक वस्तुस्थितीही हाती लागते. दोन प्रभारांच्या तांब्यापासून धातू होण्याचा विभव +०.३४ आणि एक प्रभाराच्या तांब्यापासून धातू होण्याचा +०.५२ व्होल्ट असल्यामुळे, दोन प्रभारांपासून एका प्रभारापर्यंतच्या पायरीचा विभव दोन गुणिले ०.३४ उणे ०.५२, म्हणजे +०.१६ येतो. परिणामी एक प्रभाराचा तांब्याचा आयन पाण्यात स्वतःशीच अभिक्रिया करून अर्धा धातू आणि अर्धा दोन प्रभारांचा आयन होतो. या अभिक्रियेचा विभव +०.३६ व्होल्ट आणि समतोल स्थिरांक दहा लाखांच्या घरातला आहे. एक प्रभाराच्या तांब्याच्या साध्या क्षाराचे पाण्यातले टिकाऊ द्रावण प्रयोगशाळेच्या फळीवर का दिसत नाही, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. सरळ बेरीज-वजाबाकी करणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही.

अभियंता : चिन्हांचा गोंधळ मात्र ऊर्जावाद्यांनीच घालून ठेवला, हे मान्य करावे लागेल. अमेरिकेत बर्कलेच्या वेंडेल लॅटिमर यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रख्यात ग्रंथात ऑक्सिडीकरणाचे विभव दिले आहेत, त्यामुळे तेथे जस्त +०.७६, युरोपातल्या प्रयोगकर्त्यांच्या पुस्तकांत तेच जस्त −०.७६. दोन पुस्तकांतले आकडे एकाच गणितात वापरणाऱ्याची काय अवस्था होत असेल?

अध्यापिका : अवस्था वाईट होत असे, यात शंका नाही. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने १९५३ साली स्टॉकहोम येथे निर्णय दिला की इलेक्ट्रोड विभव हा शब्द क्षपणाच्या दिशेलाच लावावा, आणि जस्त ऋण ठरले. आपल्याला आवडेल अशी गोष्ट यात आहे : हायड्रोजनशी जोडलेल्या जस्ताच्या कांडीला मीटरचे टोक लावले तर ती खरोखरच ऋण असते, समीकरण उजवीकडून डावीकडे लिहिले म्हणून ती धन होत नाही. स्टॉकहोमच्या संकेतात समीकरणाचे चिन्ह आणि मीटरचे चिन्ह जुळतात, आणि त्या बाबतीत मापनाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे टिकले.

अभियंता : म्हणजे तक्ता अखेर मापनावरच उभा आहे.

अध्यापिका : सगळा नव्हे. त्याच तक्त्यात सोडियम −२.७१ व्होल्टवर आहे. सोडियमची कांडी पाण्यात बुडवून हा आकडा कोणी मोजला असेल? गिल्बर्ट लुईस आणि चार्ल्स क्राउस यांनी १९१० साली त्यासाठी दोन घट बांधले. पहिल्यात सोडियम धातू आणि पाऱ्यात विरघळवलेले थोडेसे सोडियम, म्हणजे सोडियमचे पारदमिश्रण, ही दोन्ही पाण्याऐवजी एथिलअमाइन या द्रवात समोरासमोर ठेवली आणि त्यांच्यातला सुमारे ०.८५ व्होल्टचा फरक मोजला. दुसऱ्यात तेच पारदमिश्रण पाण्याच्या द्रावणात एका संदर्भ इलेक्ट्रोडसमोर ठेवले, कारण पाऱ्यातले विरळ सोडियम पाण्याशी इतक्या सावकाश अभिक्रिया करते की आकडा टिपण्याइतका अवधी मिळतो. पारदमिश्रण दोन्ही घटांत सामाईक असल्यामुळे हिशेबातून निघून गेले. फ्लुओरीन तर पाण्याचेच ऑक्सिडीकरण करते, त्यामुळे त्याच्यापुढचा सुमारे +२.८७ हा आकडा ऊर्जेच्या मापनांवरून मांडून काढलेला आहे. तक्ता हाती घेणारा माणूस कळत-नकळत दुसऱ्याने केलेले ऊर्जेचे गणित वापरत असतो.

यानंतर संभाषण अपरिहार्यपणे नेर्न्स्ट यांच्या समीकरणाकडे वळते, कारण तक्त्यातला आकडा हा प्रमाण स्थितीचा, म्हणजे सर्व विद्राव्य घटकांची क्रियाशीलता एक आणि वायूंचा दाब एक बार असतानाचा, साधारणपणे २५ अंश सेल्सिअस तापमानाला दिलेला असतो, आणि प्रत्यक्ष घट त्या स्थितीत क्वचितच आढळतो. वॉल्थर नेर्न्स्ट यांनी लाइपझिग येथे १८८९ साली मांडलेल्या या समीकरणाप्रमाणे घटाचा विभव काढताना प्रमाण विभवातून एक पद वजा करावे लागते. २५ अंशांना ते पद म्हणजे ०.०५९२ व्होल्ट भागिले इलेक्ट्रॉनांची संख्या, गुणिले अभिक्रिया भागफलाचा दशमान लॉगॅरिदम. अभिक्रिया भागफल म्हणजे त्या क्षणी निष्पन्न पदार्थांच्या क्रियाशीलतांना अभिकारकांच्या क्रियाशीलतांनी भागून येणारी राशी होय. डॅनियल घटातले तांब्याचे आयन जस्ताच्या आयनांच्या एक हजारांश झाले तर हे पद ०.०२९६ गुणिले ३, म्हणजे ०.०८९ व्होल्ट होते आणि विभव १.१० वरून १.०१ पर्यंत उतरतो.

अभियंता : हजार पटींच्या बदलाला जेमतेम नऊ शतांश व्होल्ट! मग घट पूर्ण संपतो, म्हणजे विभव शून्यावर येतो, तेव्हा काय उरते?

अध्यापिका : विभव शून्य झाला की भागफलालाच समतोल स्थिरांक म्हणतात. १.१० गुणिले २ भागिले ०.०५९२ म्हणजे सुमारे ३७; तेव्हा समतोलाला जस्त आणि तांबे यांच्या आयनांचे गुणोत्तर १० च्या ३७व्या घाताइतके येते.

अभियंता : आता या आकड्याला काही अर्थ आहे का, ते सांगावे. एक मोल म्हणजे सुमारे ६ गुणिले १० चा २३वा घात इतके कण. लिटरभर द्रावणात जस्ताचे एक मोल आयन असतील तर आपल्या आकड्याप्रमाणे तांब्याचा एक आयन शोधायला सोळा लाख कोटी लिटरहून अधिक द्रावण लागेल. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. तसे पाचहून अधिक जलाशय भरतील तेव्हा कोठे त्यात तांब्याचा एक आयन असेल. हा आकडा मोजणार कोण आणि कशाने?

अध्यापिका : कोणी मोजणार नाही, आणि मोजायची आवश्यकताही नाही. समतोल स्थिरांक ही आयनांची शिरगणती नसून २१२ किलोजूल मुक्त ऊर्जेचे लॉगॅरिदमच्या भाषेतले रूप आहे, आणि ती ऊर्जा १.१० व्होल्टच्या मापनातून अचूक मिळते. उलट, जे प्रत्यक्ष मोजणे अवघड ते विभवावरून मांडणे हाच या शास्त्राचा मोठा उपयोग आहे. सिल्व्हर क्लोराइड पाण्यात किती विरघळते हे द्रावणाचे बाष्पीभवन करून तराजूत तोलायचे झाले तर हात टेकावे लागतील. पण चांदीच्या आयनापासून चांदी होण्याचा विभव ०.७९९६, सिल्व्हर क्लोराइडपासून चांदी होण्याचा ०.२२२३, फरक −०.५७७३, त्याला ०.०५९१६ ने भागले की लॉगॅरिदम −९.७६ येतो आणि विद्राव्यता गुणाकार १.७ गुणिले १० चा उणे १०वा घात. दोन साध्या घटांच्या मापनातून हे उत्तर मिळते.

अभियंता : कबूल. पण बाई, त्याच समीकरणात आपण मघाशी क्रियाशीलता हा शब्द हळूच वापरला आणि उदाहरण देताना सरळ संहती घातली, त्याचे काय?

हा आक्षेप वर्मी लागणारा आहे. क्रियाशीलता म्हणजे आयनाची परिणामकारक संहती. विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांना ओढत असल्यामुळे ती प्रत्यक्ष संहतीहून वेगळी असते आणि दोहोंचे गुणोत्तर क्रियाशीलता गुणकाने दाखवले जाते. बहुतेक पाठ्यपुस्तके हा गुणक एक धरतात आणि ते धरले आहे असे सांगतही नाहीत.

अभियंता : एक मोलल मोरचुदाच्या द्रावणात हा गुणक सुमारे ०.०४ आहे, एकाच्या जवळपासही नाही. म्हणजे त्या द्रावणातल्या तांब्याचा विभव तक्त्याहून सुमारे ४१ मिलिव्होल्टने कमी असायला हवा. तरीही डॅनियल घट १.१० दाखवतो, कारण एक मोलल झिंक सल्फेटचा गुणकही जवळजवळ तेवढाच आहे आणि दोन्ही बाजूंच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. ज्या घटाने विद्यार्थ्याचा तक्त्यावर विश्वास बसतो तो घट योगायोगाने बरोबर येतो, हे वर्गात सांगितले जाते का?

अध्यापिका : सांगितले जात नाही, आणि सांगायला हवे.

अभियंता : आणखी एक. दोन द्रावणे जेथे भेटतात त्या सीमेवर वेगाने धावणारे आयन पुढे जातात, मंद आयन मागे राहतात आणि तेथेच एक छोटा विभव तयार होतो. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड यांच्या सीमेवर तो सुमारे २७ मिलिव्होल्ट असतो, कारण हायड्रोजन आयन बाकी सर्वांपेक्षा चपळ. क्षारसेतू, म्हणजे सॉल्ट ब्रिज, पोटॅशियम क्लोराइडने भरतात तो त्याचे दोन्ही आयन जवळजवळ सारख्या वेगाने सरकतात म्हणून. त्याने हा विभव कमी होतो, नाहीसा होत नाही. तक्त्याच्या आकड्यात तिसरे-चौथे दशांश स्थळ असते आणि प्रत्यक्ष मापनात दुसऱ्या स्थळाचीच खात्री नसते. आणि घराघरांतल्या इन्व्हर्टरची बॅटरी! तिच्यातले शिसे सल्फ्युरिक आम्लात −०.३६ व्होल्टवर बसलेले असते, म्हणजे हायड्रोजनच्या खाली. दुसऱ्या पट्टीवरचा लेड डायऑक्साइड +१.६९ वर, म्हणजे पाण्यातून ऑक्सिजन निघण्याच्या १.२३ व्होल्टच्या बराच वर. तक्ता खरा मानला तर ही बॅटरी कोपऱ्यात ठेवल्याठेवल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडत संपून जायला हवी. ती संपत नाही म्हणून महाराष्ट्राने लोडशेडिंगची वर्षे काढली.

अध्यापिका : तक्ता खोटा ठरत नाही, साहेब, ती अभिक्रिया व्हावी अशी ऊर्जेची स्थिती आहे एवढेच तो सांगतो, केव्हा होईल हे सांगत नाही. शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होण्याची क्रिया अत्यंत मंद असते, आणि तिला वेग यावा म्हणून समतोलाच्या पलीकडे जो जादा विभव द्यावा लागतो त्याला अधिविभव म्हणतात. पट्टीला बळकटी यावी म्हणून शिशात अँटिमनी मिसळले की हाच अधिविभव घटतो आणि बॅटरी पाणी पिऊ लागते. डिस्टिल्ड वॉटर वरचेवर भरावे लागण्याचे ते एक कारण.

अभियंता : पण नळवाहिनीच्या अभियंत्याला नेमके केव्हाचेच उत्तर हवे असते. तक्त्यात ॲल्युमिनियम −१.६६ आणि जस्त −०.७६. मुंबई हायसारख्या क्षेत्रातल्या समुद्रात उभ्या असलेल्या पोलादाला वाचवायला जो धातू स्वतः झिजून जातो, ज्याला बळी ॲनोड म्हणतात, तो निवडताना या आकड्यांवर विसंबणारा फसतो. शुद्ध ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा घट्ट थर चढतो आणि ते समुद्राच्या पाण्यात बळी जायला तयारच होत नाही. त्यात जस्त आणि थोडे इंडियम मिसळून तो थर मोडावा लागतो, आणि तेव्हाही सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत −१.०५ ते −१.१० व्होल्ट मिळतात, तक्त्यावरून निघणाऱ्या −१.९ च्या जवळही ते जात नाहीत. जमिनीखालच्या पोलादासाठी सगळ्या जगात वापरला जाणारा निकष, तांबे आणि संपृक्त मोरचूद यांच्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत −०.८५ व्होल्ट, हा रॉबर्ट कून यांनी न्यू ऑर्लिन्सच्या वायुवाहिन्यांवर काम करताना अनुभवाने ठरवला. तो कोणत्या तक्त्यातून काढला?

अध्यापिका : तो तक्त्यातून निघत नाही, पण तक्त्याने तपासता येतो. संपृक्त मोरचुदाचा इलेक्ट्रोड हायड्रोजनच्या तुलनेत +०.३१६ वर आहे, म्हणून आपले −०.८५ म्हणजे हायड्रोजनच्या तुलनेत −०.५३४. लोखंडाचा प्रमाण विभव −०.४४०, फरक −०.०९४, त्याला ०.०२९६ ने भागले तर −३.२. म्हणजे या विभवाला लोखंड आपल्या द्रावणाशी समतोलात येईल तेव्हा त्या द्रावणात लिटरमागे साधारण ०.०००७ मोल फेरस आयन असतील. ब्रसेल्सच्या मार्सेल पूर्बे यांच्या संकेताप्रमाणे धातू सुरक्षित म्हणायचा तर ही संहती एक लक्षांशाच्याही दशांशावर, म्हणजे १० च्या उणे सहाव्या घातावर यायला हवी, आणि त्यासाठी विभव हायड्रोजनच्या तुलनेत −०.६१८, आपल्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत −०.९३ हवा.

अभियंता : मग −०.८५ ला नळ टिकतात कसे? गणिताप्रमाणे ते गंजत राहायला हवेत.

अध्यापिका : हा विभव टिकवण्यासाठी नळाला दिलेल्या संरक्षक प्रवाहामुळे पोलादाच्या अंगालगतची माती अल्कधर्मी होते आणि तेथे लोखंडावर ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचा थर धरतो. पोलाद वाचते ते ऊर्जेच्या दृष्टीने सुरक्षित झाल्यामुळे नव्हे, तर त्या थराने आणि कमी झालेल्या विभवाने गंजण्याचा वेग नगण्य केल्यामुळे. हा खुलासा गणिताने सुचतो, −०.८५ हा आकडा मात्र गणिताने दिला नसता, हे मान्य.

अभियंता : वेगवेगळ्या संदर्भ इलेक्ट्रोडांचे आकडे एकमेकांत बदलायला तक्ता लागतो, तेवढे श्रेय त्याला द्यायला हरकत नाही. समुद्रात हाच निकष सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडवर −०.८० होतो, तो त्याच वजाबाकीने.

अध्यापिका : आणि शेतात उभे राहून मीटरवर जे −०.८५ वाचले जाते ते तरी निखळ मापन असते का?

अभियंता : नसते. संरक्षक प्रवाह चालू असताना इलेक्ट्रोड आणि नळ यांच्यामधल्या मातीचा रोधही आपले काही व्होल्ट त्यात मिसळतो, आणि कोरड्या मुरमाड जमिनीत तो वाटा इतका मोठा असू शकतो की मीटर −१.१० दाखवत असताना पोलाद प्रत्यक्षात निकषाच्या अलीकडेच असते. म्हणून प्रवाह क्षणभर तोडतात. मातीतला भाग त्याच क्षणी नाहीसा होतो, पोलादाचा स्वतःचा विभव मात्र सावकाश ढळू लागतो. त्या दोहोंच्या मधल्या सेकंदाच्या अंशात जो आकडा दिसतो तोच नोंदवहीत लिहायचा.